पक्की रेघ

रोज सकाळी चहाच्या आधी एक चित्र काढायचं, हा नेम मी नागपूरला चित्रकला शिकत असताना धरला आणि अकोल्याला मुलींच्या शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागले तरी तो सुटला नाही. नेम म्हटलं की लोकांना काहीतरी थोर वाटतं. थोर बीर काही नव्हतं. समोर जे दिसेल ते काढायचं. तांब्या, कंदील, खुंटीवरची छत्री, शेजारच्यांच्या दोरीवर वाळणारी लुगडी, आणि काहीच सुचलं नाही तर स्वतःचा डावा हात. कागद म्हणजे शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांची पाठकोरी पानं. हात मोकळा करायला आधी पन्नास आडव्या आणि पन्नास उभ्या रेघा ओढायच्या आणि मग चित्राला लागायचं. खोडरबराला हात लावायचा नाही. रेघ चुकली तर चुकली, ती तशीच राहू द्यायची आणि उद्या सुधारायची.

दहा वर्षं असं केल्यावर माणसाची रेघ ठणठणीत होते. माझी झाली होती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. बढाईच होती. ‘बाईंची रेघ बघा’ असं कोणी म्हटलं की मी दिवसभर खुशीत असायची. आणि दुसरी गोष्ट, मला राग फार लवकर येतो. अमरावतीला माहेरी आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर राग आहे आणि नाक आहे लहान, तो रोज घसरून खाली पडतो. वडील वकील होते. ते म्हणायचे, हिला कोर्टात उभी केली असती तर न्यायाधीशच पळून गेला असता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट आहे. अकोटच्या सार्वजनिक वाचनालयाच्या चिटणिसांनी मला विचारलं की मोठ्या माणसांसाठी रविवारचा चित्रकलेचा वर्ग घ्याल का. अकोल्याहून अकोटला बसने दीड-दोन तास लागायचे, बस वाटेत बिघडली नाही तर. मी लगेच हो म्हणाले. शाळेत पोरींना तीच तीच केळीची पानं आणि त्याच त्या विटा काढायला लावून मी वैतागले होते. मोठी माणसं आपण होऊन शिकायला येणार, म्हणजे काय मजा!

वर्ग वाचनालयाच्या मागच्या पडवीत भरायचा. पंधरा-सोळा जण होते. त्यांत दोन प्राथमिक शिक्षक, एक सुतार, दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर, एक शिंपी आणि एका बाजूला चटईवर बसणाऱ्या पाच बायका. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या कारखान्यांतून उडालेली रुई पडवीत यायची आणि ओल्या रंगावर चिकटायची. पेंटर ती फुंकर मारून उडवायचा आणि रंगाचे शिंतोडे शेजारच्या मास्तरांच्या धोतरावर जायचे. मग त्यांची हमरीतुमरी. मी ओरडले की सगळे गप्प. एकूण छान चाललं होतं.

माझी शिकवायची पद्धत अशी होती. मधल्या टेबलावर वस्तू मांडायच्या, पाण्याचा एक गडवा, दोन कांदे, मागं एखादं फडकं. सगळ्यांनी आधी फिक्या रेघांनी आकार धरायचा, मध्यरेषा आखायची, मापं पेन्सिलीने ताडून बघायची. मग मी फिरायला लागायची. एकेकाच्या शेजारी बसायचं, पेन्सिल हातात घ्यायची आणि त्याच्याच कागदावर दुरुस्त करून द्यायचं. आमच्या नागपूरच्या सरांनी आमच्या कागदांवर हेच केलं होतं. शिकवणं म्हणजे हेच, अशी माझी खात्री. चारच्या बसच्या आत सोळा कागद पुरे व्हायला हवेत, म्हणून मी भराभर करायची. एक नजर, एक गडद रेघ, झालं. “आता रंग भरा.” पुढचा कागद.

गणपतीत वाचनालयाने आमच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. बघायला आलेले लोक म्हणायचे, वा, सगळी चित्रं कशी एकाच हातची वाटतात! मला हे कौतुकच वाटलं. काय म्हणावं मला!

त्या पाच बायकांमध्ये एक जवळच्या खेड्यातून यायची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. शेतकरी घरातली, मराठी सातवी म्हणजे तेव्हाची फायनल पास झालेली. नवऱ्याने दुसरी केली होती. सवतीशी पटेना म्हणून ही भावाकडे येऊन राहिली होती. बोलायची कमी, पण बोलली की थेट. पहिल्याच दिवशी मी विचारलं, तुला चित्रकला कशाला शिकायची आहे? हौस आहे, आवड आहे, असं काहीतरी ऐकायची माझी तयारी होती.

ती म्हणाली, “नोकरी पायजे बाई. कन्याशाळेत डराइंगची जागा निंघनार हाये म्हनते. भाऊ म्हनते, नोकरी लागली तं राह्य, नाई तं सासरी जाय. तथी सवत हाये.”

एवढं सांगून ती पेन्सिलीला टोक करायला लागली. मी म्हटलं, बस, शिकवते.

शाळेतली ती जागा तिसऱ्या वर्षी रिकामी व्हायची होती आणि तिच्यासाठी सरकारची एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा पास असणं जरूर होतं. भावाने मुदत दिली होती ती तिसऱ्या वर्षीच्या अक्षयतृतीयेपर्यंतची. म्हणजे आमच्या हातात तीन हंगाम होते. ती एक रविवार चुकली नाही. पावसात बस बंद असली की मी अकोल्यात अडकायची, पण ती मात्र बैलगाडीने येऊन वाचनालयाच्या पायरीवर बसून जायची, असं चिटणीस सांगायचे. घरून काढून आणलेले कागद गुंडाळी करून आणायची. सगळे फिके. मापं चोख, आकार चोख, गडव्याचं तोंड अगदी बरोबर लंबगोल, पण रेघ अशी की डोळ्यांना ताण द्यावा तेव्हा दिसेल.

मला वाटलं, हात कच्चा आहे, धीर नाही. ‘दाबून काढ’ असं एकदा तरी म्हणावं, तर तेवढाही दम मला निघाला नाही. तिने कागद पुढं केला की मी पेन्सिल घेऊन वरून गडद रेघ ओढायची. ती मान वाकवून बघत राहायची, अगदी पूजा चालल्यासारखी. मग कागद घेऊन रंग भरायला जायची. रंग मात्र झकास भरायची.

परीक्षा दिवाळीच्या आधी होती. अकोल्याच्या केंद्रावर माझीच नेमणूक झाली होती, आणि तिची मावशी अमरावतीला, म्हणून तिने अमरावतीचं केंद्र घेतलं. दोन दिवस, चार पेपर. परीक्षेनंतरच्या रविवारी मी पडवीत पाऊल टाकल्याबरोबर विचारलं, “कसे गेले पेपर?”

“चांगले गेले बाई. सगळं बराबर काढलं.”

मी निर्धास्त. वर चिटणिसांना सांगून टाकलं की पेढे तयार ठेवा.

संक्रांतीच्या सुमाराला निकाल आला. ती नापास. भूमितीत तेवढी पास, बाकी वस्तुचित्र, नक्षी, स्मरणचित्र, तिन्हीत नापास, आणि तेही थोड्याथोडक्याने नव्हे. माझा विश्वास बसेना. त्याच परीक्षेला बसलेला आमच्या वर्गातला शिंपी पास, ज्याचा गडवा नेहमी एका अंगावर पडल्यासारखा दिसायचा तो, आणि ही नापास! मी तिला सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. काय केलंस तिथं? झोपलीस की काय? तीन वर्षं मी इथं बसचे धक्के खात येते ते कशासाठी?

ती गडबडली नाही. तिला बहुतेक माझ्याच बोलण्याचं नवल वाटत होतं.

“बाई, मी तं सगळं बराबर काढलं होतं. पन तथी गडद करायले कोनी आलंच नाई.”

“म्हणजे?”

“मी फिकं काढून बसली. वाट पायली. एक मास्तर फिरत होते, तेई नुसते पाहून जायेत. मले वाटलं, पक्की रेघ देतीन आता, मंग रंग भरू. घंटा झाली तं त्याईनं कागद घेऊन घेतला.”

“तिन्ही पेपरांना?”

“हाव. दुसऱ्या दिवशी म्या त्याईले इचारलं बी, कवा येता म्हून. ते म्हनले, बोलू नका.”

पेंटर हसायला लागला, सुतारानं त्याला कोपरखळी मारली. मी विचारलं, अगं पण असं कुठं असतं का? परीक्षेत दुसरं कोणी येऊन तुझी रेघ ओढून देईल?

ती म्हणाली, काहून नाई? त्यांच्या घरात नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात. सून ओल्या खडूने फिकं काढते आणि सासू गेरूने त्याच्यावर पक्की रेघ देते. सासूने हात लावल्याशिवाय तो नाग पुरा होत नाही, आणि सुनेनं आपणच गडद करणं म्हणजे मोठ्या माणसाचा अपमान. माझ्या वर्गात पहिल्याच रविवारी तिने बघितलं की इथंही तसंच आहे. शिकणाऱ्याने फिकं काढायचं, बाईनं पक्कं करायचं. तीन वर्षं एकही रविवार असा गेला नाही की त्याच्यात फरक पडला. भूमितीत पट्टीची रेघ असते, ती मी कधी गिरवत नव्हते, म्हणून भूमितीत पास. सगळं सरळ होतं. तिच्या जागी मी असते तर मीही वाट बघत बसले असते.

घरी आल्यावर मी जेवले नाही. हिच्या मुदतीला आता तीनच महिने उरले होते आणि परीक्षा वर्षातून एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र काढायला बसले, पन्नास रेघा ओढल्या आणि त्या ठणठणीत रेघांकडे बघून मला असा संताप आला की कागद फाडून चुलीत घातला.

मग मी धावपळ सुरू केली. कन्याशाळेच्या समितीचे अध्यक्ष अकोटातले एक म्हातारे वकील होते. माझ्या वडिलांना ओळखत होते. त्यांच्याकडे दोनदा गेले. ते म्हणाले, परीक्षा नाही तर नाही, पण काम चांगलं असेल तर एक वर्षासाठी घेऊ, वर्षाच्या आत परीक्षा पास व्हायची. त्यांचं काम आम्हाला दाखवा. चैत्रात समिती बसेल तेव्हा त्यांना घेऊन या.

मी तिच्या तीन वर्षांच्या कागदांतले चांगले चाळीस निवडले, पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये नीट लावले आणि तिला घेऊन गेले. शाळेच्या एका वर्गात समिती बसली होती. अध्यक्ष आणि दोन सभासद. आम्हा दोघींना बाकावर बसवलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि एकेक कागद सावकाश बघितला. त्यांची मान हलत होती. दुसऱ्या सभासदाने तर ‘अरे वा’ पण म्हटलं.

“हे सगळं यांच्या हातचं आहे?” अध्यक्षांनी मला विचारलं.

तिची मुदत पंधरा दिवसांवर आली होती. मी म्हणाले, “हो.”

“नाई वकीलसाहेब,” ती माझ्या शेजारून म्हणाली. अगदी साध्या आवाजात, कोणी पत्ता चुकीचा सांगितला तर आपण सुधारून सांगावा तशी. “फिकी रेघ माही हाये आन् रंग माहा. पक्की रेघ बाईची हाये. तेवढी गडद रेघ द्यायची माही काय टाप?”

मला असा राग आला म्हणून सांगू! हिचं भलं व्हावं म्हणून मी वकिलासमोर, वडिलांच्या ओळखीच्या माणसासमोर खोटं बोलले, आणि ही मला मान द्यायला म्हणून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय! अध्यक्ष चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होते. माझं तोंड लालबुंद झालं असणार. फाइल त्यांनी मिटून बाजूला ठेवली.

मला वाटलं, संपलं. पण म्हातारा मुरलेला वकील होता. तो तिला म्हणाला, “बाई, मुलींना फळ्यावर काढून दाखवावं लागतं. तिथं तुमच्या बाई येणार नाहीत. काहीतरी काढून दाखवा.”

ती उठली. फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि वळून माझ्याकडे बघायला लागली. मी बाकावर बसून राहिले. उठायची फार इच्छा होत होती, माझे हात शिवशिवत होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

तिने खडूने काहीतरी सुरू केलं. त्या शाळेचा फळा जुना, घासून घासून करडा पडलेला. फिका खडू त्याच्यावर उमटेच ना.

“दिसत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “जोरात काढा.”

ती परत माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली.

मग खडू फळ्यावर टेकल्याचा आवाज आला आणि तो थांबलाच नाही. वर बघितलं तेव्हा कापूस वेचणाऱ्या बाईची पाठ झाली होती. डोक्यापासून पाठीवरून खाली कमरेपर्यंत एकच रेघ, कुठं तुटलेली नाही. मग कमरेला बांधलेली ओटी, कापसाने भरून लोंबणारी. मग हात, बोंडापर्यंत गेलेला. आमच्या वर्गात कधी कोणाला माणूस काढायला मी शिकवलंच नव्हतं, मापं चुकतील म्हणून. हिची मापं चुकलीही होती. हात लांब झाला होता आणि पाय आखूड. पण ती बाई दमलेली होती, बराच वेळ वाकलेली होती, आणि ओटीचं ओझं तिच्या कमरेला ओढत होतं, हे सगळं त्या रेघेत होतं. माझ्या रेघेत असलं काही कधीच नव्हतं. माझी रेघ बरोबर होती. तीन वर्षं ही माझ्यासमोर बसली आणि तिचा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. मला रडूच यायला लागलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

खडू संपत आला तेव्हा ती थांबली. बोटं पदराला पुसली आणि बाकावर येऊन बसली.

अध्यक्षांनी मला विचारलं, “हे तुम्ही शिकवलंत?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी बाकीच्या दोघांकडे बघितलं आणि तिथल्या तिथे तिची एका वर्षाची नेमणूक केली. ती वर्षभरात परीक्षाही पास झाली आणि त्याच शाळेत टिकली. मावशीकडे नाही, भावाकडे नाही, शाळेजवळ एक खोली घेऊन राहिली.

समिती बसली त्या दिवशी ती मला सोडायला बसस्टँडवर आली. चारची बस लागलेलीच होती. मी खिडकीपाशी जागा धरली. ती खाली उभी, माझी फाइलीची पिशवी अजून तिच्याच हातात. मला काहीतरी बोलायला हवं होतं. राग यायचा तेवढा येऊन गेला होता आणि आता नुसती लाज उरली होती. शेवटी म्हटलं, “अगं, इतकं येत होतं तर एकदा तरी सांगायचंस. तुझ्या कागदावर इतकी वर्षं मी माझंच चित्र काढत बसले.”

“एक डाव म्हनाव वाटलं होतं बाई,” ती म्हणाली. “पयल्याच वर्सी. ‘मले काढू द्या’ असं म्हननार होती. पन तुमाले राग लय लवकर येते. वर्ग बंद झाला असता तं मी कुठी गेली असती?”

कंडक्टरने घंटी मारली. तिने पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली आणि बस हलेपर्यंत तिथंच उभी राहिली.